ड्रमसोबत येणारे ते कागद
काल कंपनीत सेफ्टी ट्रेनिंग झालं, विषय एसडीएस (सेफ्टी डेटा शीट), म्हणजे केमिकलसोबत येणारे ते कागद जे आपण फाईलला लावतो आणि विसरून जातो. 16 सेक्शन असतात त्यात, पण सर म्हणाले आधी 4 नंबर बघा, फर्स्ट एड, मग 8, ग्लोव्हज कुठले ते. मी इतकी वर्षं टोल्युईन हे सॉल्व्हंट साध्या लॅटेक्सच्या ग्लोव्हजनी हाताळतोय, जे त्याच्यापुढे टिकतच नाहीत 😅 आणि टोल्युईनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते) जेमतेम 4 डिग्री, म्हणजे आपल्या तारापूरच्या उन्हात वाफ पेटायला कायम तयारच! सेक्शन 10 मध्ये कशासोबत काय येऊ द्यायचं नाही ते असतं, हायपोत (सोडियम हायपोक्लोराइट) अ‍ॅसिड मिसळलं की विषारी क्लोरीन वायू. आमच्याकडे दोन्ही एकाच रॅकवर होते, चहाच्या आधीच हलवले.