आमची वाटचाल : नवी पेठेतलं रेकॉर्डचं दुकान

सोलापुरात रेकॉर्डचं दुकान चालवायचं तर चार भाषांचा माल ठेवावा लागतो. पूर्व भागातल्या गिऱ्हाइकाला तेलुगू, अक्कलकोटकडच्याला कन्नड, हिंदी सगळ्यांनाच, आणि मराठीत भक्तिगीतं नि नाट्यपदं. वडिलांनी दुकान घातलं तेव्हापासूनचा हा शिरस्ता. शास्त्रीय संगीताचा कप्पा मात्र त्यांनी हौसेनं भरला, तोही एका माणसाच्या निवडीवर डोळे झाकून: एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीचे जी. एन. जोशी.

जोशी शिक्षणानं वकील, पिंडानं भावगीत गायक. पुढे कंपनीत कलाकार निवडून ध्वनिमुद्रण करवून घेण्याचं काम त्यांच्याकडे आलं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या, म्हणजे ७८ च्या तबकडीला एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात ख्याल बसवायला उस्तादांना राजी करणं गाणं कळणाऱ्यालाच जमावं. एलपीनं, म्हणजे लाँग प्ले तबकडीनं, वीसेक मिनिटं दिली, तेव्हा त्यांनी मोठ्या नावांवरच भागवलं नाही. १९६७ चं ‘कॉल ऑफ द व्हॅली’ घ्या. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, तबल्याला माणिकराव पोपटकर. काश्मिरी मेंढपाळाचा दिवस. पहाटेला अहिरभैरव, शेवटी पहाडी. संतूर आणि गिटार तेव्हा मैफलीत नवखीच! कंपनीनं त्यावर किती कमावलं ते कंपनी जाणे, आमच्याकडे ही एलपी कधी पडून राहिली नाही. आजही आली की जाते.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत भक्तिगीतांच्या कॅसेटींनी वर्षाचा गल्ला भरायचा. सीडीबद्दल न बोललेलं बरं.

आता जुन्या रेकॉर्डी विकतो आणि लोकांच्या घरच्या रेकॉर्डी पेनड्राइव्हवर उतरवून देतो. ७८ ची तबकडी लाखेची. कुणीतरी स्पिरिटनं चकाचक पुसून आणतं आणि लाखच विरघळलेली असते. तिला सुईही जाड लागते, एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी नुसती खरखरते. एलपीचा वैरी आपला उन्हाळा. पत्र्याखालच्या माळ्यावर आडव्या रचल्या की मे महिन्यात पापडासारख्या वाकतात. उभ्या ठेवा, एवढं ऐका.

फाइलवर गिऱ्हाईक गायकाचं नाव मागतं. ध्वनिमुद्रण कुणी करवून घेतलं हे कव्हरच्या मागे बारीक अक्षरात सापडलं, तर तेही नाव आम्ही टाकतो. त्याचे जादा पैसे घेत नाही.