अरुणाचलचा परवाना आणि आमचे अमेरिकन भावजी

अरुणाचलात शिरायला लागणारं इनर लाइन परमिट कसं काढायचं, असं कोणी विचारलं की मी हल्ली आधी उलट विचारते, "बरोबर परदेशी पासपोर्टवालं कोणी आहे का?" नसेल तर फार काही सांगण्यासारखं नाही. ऑनलाइन अर्ज भरा, ओळखपत्र आणि फोटो चढवा, पैसे भरा. माझं आणि ह्यांचं परमिट इतक्या मुकाट्याने आलं की ते कधी आलं हेही मला धड आठवत नाही.

पण ज्यांच्याबरोबर ओसीआय कार्डवाले, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेले मूळचे भारतीय, नातेवाईक येणार आहेत, त्यांनी जरा बैजवार वाचा.

ह्यांचे धाकटे भाऊ न्यू जर्सीला असतात. भावजी आणि जाऊबाई दोघंही आता अमेरिकन नागरिक. दोघांकडे ओसीआय कार्ड, आणि भावजींच्या डोक्यात पक्कं की, "वहिनी, मतदान आणि शेतजमीन सोडली तर ओसीआयवाल्याला भारतात सगळं चालतं." बऱ्याच ठिकाणी चालतंही. अरुणाचलात चालत नाही. तिथे परदेशी नागरिकाला प्रोटेक्टेड एरिया परमिट लागतं, म्हणजे पीएपी, आणि ते ओसीआयवाल्यालाही लागतं. आडनाव आपलं असो, घरात मराठी बोलत असोत, परवान्याच्या खिडकीवर ते परदेशीच.

मुळात हे दोन परवाने वेगळे आहेत, आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. इनर लाइनची रेघ इंग्रजांनी १८७३ च्या बेंगॉल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशनने मारली. खाली आसामात चहाचे मळे पसरत होते, रबर आणि हत्तींच्या मागे माणसं डोंगरात घुसत होती आणि तिथल्या जमातींशी भांडणं ओढवून घेत होती. म्हणून ठरवलं, रेघेच्या पलीकडे पासाशिवाय जायचं नाही. ती रेघ स्वातंत्र्यानंतरही राहिली, आणि ती आपल्यासाठी, म्हणजे भारतीयांसाठी आहे. परदेशी लोकांचं प्रकरण वेगळं, ते १९५८ च्या आदेशाने सुरू झालं, आणि त्याचं कारण सीमा. पश्चिमेला भूतान, उत्तरेला तिबेट म्हणजे चीन, पूर्वेला म्यानमार.

"आपल्याच देशात परवाना कशाला?" म्हणून आमच्या सोसायटीत एक गृहस्थ तावातावाने बोलत होते. मला तरी तो राग पटत नाही. ८३,७४३ चौरस किलोमीटरचं राज्य, २०११ च्या जनगणनेत माणसं चौदा लाखांच्या आत. चौरस किलोमीटरला १७ माणसं. आपल्या महाराष्ट्रात तोच आकडा ३६५. बाहेरच्याला तिथे जमीन विकत घेता येत नाही, आणि ते बरंच आहे. लोणावळ्याचं काय झालं ते आपण उघड्या डोळ्यांनी पाहिलंय.

तेव्हा माझं भांडण कायद्याशी नाही. एका खिडकीशी आहे.

पीएपी आपलं आपण घरबसल्या काढण्याच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. नोंदणीकृत टूर ऑपरेटरमार्फत अर्ज करायचा, ही तिथली रूढ पद्धत. आम्हीही एक गाठला. पासपोर्ट, ओसीआय, फोटो, प्रवासाचा मार्ग सगळं त्याला वेळेत पाठवलं. त्याचं उत्तर ठरलेलं, "हो जाएगा मॅडम." आम्ही विमानात बसेपर्यंत "हो जाएगा" चालू होतं. आसामात उतरलो आणि फोन केला, तेव्हा सूर बदलला. "मॅडम, थोडा क्वेरी आया है."

ही क्वेरी येऊन बरेच दिवस झाले होते. त्याने आम्हाला कळवली नव्हती, कारण, त्याच्याच शब्दांत, "आप लोग टेन्शन लेते."

क्वेरी अशी. भावजींच्या ओसीआय कार्डावर जो पासपोर्ट क्रमांक छापलाय तो जुन्या पासपोर्टचा. तो संपला, नवा निघाला, नव्याचा क्रमांक वेगळा. कार्ड एक क्रमांक सांगतं, पासपोर्ट दुसरा. जाऊबाईंचा पासपोर्ट अजून जुनाच, त्यामुळे त्यांचं सगळं जुळत होतं. पण अर्ज दोघांचा एकत्र, म्हणून दोघांचाही अडकला.

शहराचं आणि कार्यालयाचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांना नंतर मदत करावीशी वाटली हेही खरं, आणि आधी त्यांनी आम्हाला किती ताटकळवलं हेही खरं.

सकाळी पोहोचलो तर खिडकी बंद. उघडली तर संबंधित माणूस जागेवर नाही. आला तर म्हणाला, फाईल साहेबांकडे. साहेब बैठकीत. नोव्हेंबरात तिकडे साडेचारला अंधारून येतं, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचलेलं. बाकावर बसून पाहिलं की त्याचा अर्थ नीट कळतो. आपल्याकडे साडेचार म्हणजे चहाची वेळ, आपल्याला वाटतं अजून तास-दीड तास हातात आहे. तिथे दिवे लागलेले असतात आणि लोक पिशव्या आवरत असतात. अख्ख्या देशाचं घड्याळ एकच असल्याचा राग मला आयुष्यात प्रथमच आला. (म्हणून एक सांगून ठेवते: त्या भागात कुठलंही सरकारी काम जेवणाच्या सुट्टीआधी उरकायचं. दुपारनंतरचं काम म्हणजे उद्याचं काम.)

दुसऱ्या दिवशी तो संबंधित माणूस सापडला. त्याच्यासमोर भावजींचं ओसीआय पुस्तक उघडं. त्याने पेनाच्या टोकाने जुन्या क्रमांकाचा एकेक आकडा टोचत वाचला, मग नव्या पासपोर्टवरचा वाचला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर ते जुळतील.

"मॅच नहीं होता."

भावजी म्हणाले, नाव तेच, जन्मतारीख तीच, फोटोतला माणूस तुमच्यासमोर उभा आहे. तो म्हणाला, "आप तो वही हैं सर. नंबर वही नहीं है." यावर काय बोलणार?

भावजींचा पारा चढायला लागला. "अमेरिकेत असं नसतं" हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं आणि त्यांना कोपऱ्यावरच्या टपरीवर लाल चहा प्यायला पाठवून दिलं. सरकारी खिडकीसमोर ते वाक्य बोललं की फाईल आणखी दोन टेबलं मागे जाते. मी बँकेत काउंटरवर उभं आयुष्य काढलंय, मला ठाऊक आहे.

नियम काय आहे ते नीट लिहिते, कारण आम्हाला कोणीच नीट सांगितला नव्हता. नवा पासपोर्ट निघाला म्हणून ओसीआय कार्ड दर वेळी बदलावं लागत नाही. पण वयाची पन्नाशी पूर्ण झाल्यावर जो पासपोर्ट निघतो त्याची प्रत आणि ताजा फोटो ओसीआयच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा चढवावा लागतो, पासपोर्ट हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. फी नाही. वीस वर्षांखालच्या मुलांसाठी हे दर नव्या पासपोर्टला करायचं. भावजी पन्नाशी ओलांडून गेलेले, पासपोर्ट त्यानंतरचा, आणि ही पायरी त्यांच्या गावीही नव्हती.

मग ती रात्र लॉजच्या खोलीत संकेतस्थळावर. फोटो चौकोनीच हवा, सही वेगळी, फाईलचं वजन ठरावीक केबीच्या आत. भावजींना सॉफ्टवेअरमध्ये उमेदीची सगळी वर्षं गेली, पण त्यांची सही काही त्या चौकटीत बसेना. शेवटी ह्यांनी पांढऱ्या कागदावर जाड पेनाने सही घेतली, खिडकीच्या काचेला कागद चिकटवून मोबाइलवर फोटो काढला, आणि ती चालली. जुना पासपोर्ट न्यू जर्सीत, एडिसन गावातल्या घरी कपाटात. पुतणीला फोन लावला, ती नेमकी कामावर. घरी गेल्यावर तिने पानांचे फोटो पाठवले, त्यात पहिल्या खेपेला तिचा अंगठाच क्रमांकावर.

सकाळी संकेतस्थळाकडून अर्ज पोहोचल्याची पोच मेलवर आली होती. पोच, जुन्या पासपोर्टची रंगीत प्रत, नव्याची प्रत, ओसीआयची प्रत आणि "दोन्ही पासपोर्ट एकाच व्यक्तीचे आहेत" असा भावजींच्या सहीचा साधा अर्ज, असा गठ्ठा करून मी एकटीच खिडकीवर गेले. पेनवाल्याने पुन्हा आकडे टोचायला घेतले. पण त्या दिवशी आतल्या टेबलावर एक बाई अधिकारी होत्या. त्यांनी गठ्ठा मागवून घेतला, पोच वाचली, जुन्या पासपोर्टचा क्रमांक आणि कार्डावरचा क्रमांक एकाखाली एक धरला. "ये तो मिल रहा है." झालं. तीन मिनिटंही नसतील. हेच त्या पेनवाल्याने पहिल्या दिवशी सांगितलं असतं, की जुना पासपोर्ट दाखवा, तर? पण "मॅच नहीं होता"च्या पुढे काय करायचं हे सांगणं त्याच्या कामात बसत नसावं. ऑपरेटरला तर मी अजून माफ केलेलं नाही.

संध्याकाळी परमिटची पीडीएफ व्हॉट्सॲपवर आली. भावजींनी मला वाकून नमस्कार केला, निम्मा थट्टेत.

परमिटवर ठिकाणांची नावं असतात, ती हातात आल्या आल्या वाचा. नावात नाही तिथे परदेशी पाहुण्याला नेता येत नाही. भावजींच्या परमिटवर पश्चिमेकडचा पट्टा होता, बोमडिला-तवांगचा. पुढेमागे नामदफाच्या राष्ट्रीय उद्यानात जावंसं वाटलं, तर ते पार पूर्वेच्या टोकाला, त्यासाठी वेगळा अर्ज. राज्याचा नकाशा पाहिला की हे समजतं. एका नदीच्या खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात जायचं तर बहुतेक वेळा आसामात खाली उतरून पुन्हा वर चढावं लागतं. नेफाच्या काळी (अरुणाचलचं जुनं नाव) विभागांना कामेंग, सुबनसिरी, सियांग, लोहित अशी नद्यांची नावं दिली होती, ती उगाच नव्हेत. कारभारसुद्धा पाण्याच्या वाटेनेच चालायचा.

भालुकपोंगच्या चेकगेटवर शिपायाने आमच्या इनर लाइनवर नजर टाकून पाच सेकंदांत परत दिली आणि भावजींचे कागद रजिस्टरात उतरवून घेतले. तिथे एक प्रत ठेवून घेतात, पुढेही मागतात. झेरॉक्स भरपूर न्या, वर दुकानं शोधत बसावं लागतं. गेटपासून कामेंग नदी सोबत येते आणि रस्ता चढायला लागतो.

ह्यांचा जीव ईगलनेस्ट अभयारण्यात. आम्ही आधी तिथेच गेलो. बुगुन लिओसिक्ला नावाचा पक्षी तिथला. रमणा आत्रेय हे पुण्यात काम करणारे खगोलशास्त्रज्ञ; त्यांना तो १९९५ मध्ये प्रथम दिसला, आणि २००६ मध्ये त्यांनी तो नवी प्रजाती म्हणून जगापुढे मांडला. इतके थोडे पक्षी की नमुन्यासाठी एकही मारला नाही. जाळ्यात धरून गळलेली पिसं आणि फोटो घेतले आणि सोडून दिला. नाव दिलं तिथल्या बुगुन जमातीचं. त्याच बुगुन लोकांनी सिंगचुंग गावाचं १७ चौरस किलोमीटर जंगल २०१७ मध्ये राखीव केलं. आम्हाला तो दिसला. धुक्यात, बांबूच्या गचपणात, हिरवट करड्या अंगावर पंखाशी लाल-पिवळा ठिपका, दोनेक क्षण. हे दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

पुढे सेलाला आता बोगदा झालाय, मार्च २०२४ पासून. १३,७०० फुटांच्या खिंडीतल्या बर्फाची धास्ती त्यामुळे बरीच कमी झाली. तरी हवा स्वच्छ असेल तर जुन्या रस्त्याने खिंडीतूनच जा, तळं चुकवू नका.

तवांगला पोहोचल्यावर आणखी एक गोष्ट समजली, ती आधी कळली असती तर भावजींची तयारी करून ठेवता आली असती. बुमला खिंडीत, म्हणजे चीनच्या सीमेवर, परदेशी नागरिकाला जाऊ देत नाहीत. पीएपी असलं तरी नाही. आमच्या परवानग्या स्थानिक गाडीवाल्याने काढून दिल्या आणि आम्ही दोघं गेलो. भावजी आणि जाऊबाई दिवसभर सतराव्या शतकातल्या त्या मठात रमले आणि मग सहाव्या दलाई लामांचं जन्मस्थान, उर्गेलिंग, पाहून आले. भावजी म्हणाले, तुमच्यापेक्षा आमचा दिवस बरा गेला. बुमलाला वारा असा होता की मी वाद घातला नाही.

नामदफाचं आता ठरतंय. जाऊबाईंचा पासपोर्ट पुढच्या वर्षी संपतो आणि त्यांचीही पन्नाशी झालेली आहे. मी सांगून ठेवलंय, नवा हातात आला की आधी संकेतस्थळावर चढवा, पोचेची प्रत मला पाठवा, मग तिकिटांचं बघू.