डबलसीटला इंग्रजीत काय म्हणतात?

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा

आज नाइट ड्युटी नव्हती, त्यामुळे जेवणानंतर तासभर इंग्रजी स्पीकिंगचा सराव झाला. रूममेट केरळची. तिला मराठी येत नाही, मला मल्याळम येत नाही, म्हणजे इंग्रजीशिवाय सुटका नाही. इंग्लंडला नर्स म्हणून नोंदणी करायची तर आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत रायटिंगला 6.5 चालतात, पण स्पीकिंगला 7 लागतातच. माझं घोडं तिथंच अडलंय.

स्पीकिंगच्या दुसऱ्या भागात विषयाचं कार्ड देतात, आजचं कार्ड सायकलीचं होतं. तयारीला 1 मिनिट, मग 2 मिनिटांपर्यंत बोलायचं. मी पाठ केलेलं उत्तर सुरू केलं: सायकलीने प्रदूषण होत नाही, व्यायाम होतो, पेट्रोल वाचतं. चाळीस सेकंदांत सगळं संपलं. पुढं शब्दच नाही. ती म्हणाली, हे छान आहे, पण ही सायकल कुणाची?

मी गप्पच झाले. कारण सायकल माझी होती, आणि तिच्याबद्दल मी एक अक्षर बोलले नव्हते.

आमचा तालुका सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या 125 तालुक्यांतला. आठवीपासूनची शाळा शेजारच्या गावात, चार किलोमीटरवर. लांबच्या मुलींना निळी बस होती, आम्हाला सायकल मिळाली. ती मिळाली नसती तर सातवीनंतर मी घरीच बसले असते. बाबांनी तसं बोलूनही दाखवलं होतं. धाकटी बहीण त्या शाळेत यायला लागली तेव्हापासून ती माझ्यामागं कॅरियरवर, दप्तर पोटाशी धरून.

दुसऱ्यांदा टायमर लावला आणि हे सांगायला लागले. पहिल्याच वाक्यात अडकले. ‘आय गेव्ह माय सिस्टर डबलसीट.’ रूममेटला काही कळेना. मला तर तो इंग्रजी शब्दच वाटत होता! वीस वर्षं म्हणतोय आपण. शेवटी दोघींनी मिळून वाक्य बसवलं: आय यूज्ड टू टेक माय सिस्टर टू स्कूल ऑन द बॅक ऑफ माय बायसिकल. लांब आहे, पण बरोबर आहे.

मग असे किती निघाले. हवा भरली म्हणजे ‘फिल्ड एअर’ नाही, ‘पम्प्ड अप द टायर्स’. पंक्चर काढलं म्हणताना मी ‘रिमूव्ह्ड’ म्हणत होते, ते ‘फिक्स्ड’ पाहिजे. पायडलचा उच्चार पेडल. आणि चाकाचा आऊट काढणं? ते मी हातवारे करून दाखवलं: चाक फिरवायचं, रिम कुठं घासते ते बघायचं, तिथल्या विरुद्ध बाजूच्या तारा चावीने आवळायच्या. ती म्हणाली, हेच असंच सांग, तांत्रिक शब्द कुणी मागितलेला नाही.

सगळ्यात जास्त बोलले ते चिखलाबद्दल. आमची काळी माती. पहिला पाऊस झाला की ती टायर आणि मडगार्डच्या मध्ये अशी गच्च बसते की चाक फिरतच नाही. दहा पावलं ढकलायचं, मग बाभळीच्या काटकीने उकरायचं, पुन्हा दहा पावलं. धाकटी दोन्ही दप्तरं आणि माझ्या चपला घेऊन मागनं यायची. एकदा घटक चाचणीच्या दिवशी आम्ही दोघींनी सायकल अक्षरशः उचलून डांबरी रस्त्यापर्यंत नेली, फ्रॉक गुडघ्यापर्यंत काळे. हे सांगताना ‘स्टक’ सुचलं, ‘स्क्रेप’ सुचलं, ‘ब्लॅक सॉइल’ सुचलं. काळ दोन-तीनदा चुकले, ‘वुई लिफ्ट’ म्हणाले. पण थांबले नाही. टायमर वाजला तेव्हा मी अजून शाळेतही पोचले नव्हते.

स्पीकिंगच्या तिसऱ्या भागाचा एक प्रश्नही घेतला: शहरात सायकली का कमी झाल्या? पुण्यात राहून हे उत्तर अवघड नाही. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणायचे, आता सायकल ट्रॅकवर दुचाक्या लावलेल्या असतात. इथं मात्र कारण सांगून उदाहरण देणं जमत नाही, ते उद्या.

मघाशी आईला फोन केला. सायकल अजून आहे, बाबा तिच्यावरूनच डेअरीला दूध घालतात. मागचं टायर चिरलंय म्हणे. धाकटीने मध्येच फोन घेतला आणि विचारलं, माझ्या नावाने काय काय सांगितलंस? मी तिला ते लांब वाक्य म्हणून दाखवलं. तिने परत म्हणायला लावलं.