गोधडी : आधी कापड, मग रंग

बुधवार. आज नुसती निवडानिवड. गोधडी बिघडते ती बहुतेक वेळा इथंच, कारण सगळे आधी रंग बघतात.

जुनी सुती साडी उजेडाकडे धरायची. वीण विरळ दिसली, दोन्ही अंगठ्यांनी ताणल्यावर चर्र वाजलं, की ती आतल्या थराला. वरच्या ठिगळांना घट्ट विणीचंच कापड हवं : सदऱ्याची पाठ, परकराचा घेर. काखेतला तुकडा फेकायचा, घामानं तो कुजलेला असतो. जॉर्जेट कितीही देखणं असो, सुतीबरोबर टाक्याखाली सरकतं. नवं कापड आधी दोनदा धुवायचं, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि भोवतीचं जुनं कापड चुण्या धरतं. लाल काठ ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघायचा. मिठाच्या पाण्यानं रंग पक्का होतो, यावर विसंबू नये.

पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर. तिपदरी घडी घातली की सहा फूट लांब, पावणेचार फूट रुंद. एका माणसाला पुरते. वर ठिगळं धरून चार थर. पण दुमडलेल्या कडा एकत्र येतात तिथं सहा-सात होतात आणि सुई तिथंच मोडते. म्हणून चार कोपरे एका जागी आणायचे नाहीत, विटांसारखी सांधमोड ठेवायची.

आता खरी गोम. वरचा थर आधी पूर्ण जोडून कडेकडून आत धावदोरा घालत गेलं, तर सरकलेलं कापड मध्यावर साठतं आणि फुगा येतो. तो उसवल्याशिवाय जात नाही. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या) बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, कडेकडूनच आत शिवतात, तरी फुगा येत नाही. टाका जिथवर आला तिथंच पुढचं ठिगळ ठेवायचं, कड दुमडून त्याच दोऱ्यात धरायची, असं त्यांचं चालतं. त्यामुळे सैल कापड वाटेतच जिरवता येतं. (कोपऱ्यांना घड्यांची त्रिकोणी फुलं नसतील तर कवंदी त्यांच्या लेखी उघडीनागडी!) वरचा थर तयारच असेल, तर वीतभर अंतरानं कच्चे टाके घालून मध्यातून बाहेर जावं.

दोरा हातभरच घ्यावा, लांब दोऱ्याला गाठी पडतात. दोन ओळींत बोटभर जागा. चार-पाच टाके ओढले की कापड अंगठ्यानं मागं सारून सैल करायचं.

भिंतीवर लावायची असेल तर रिंगा नकोत, सगळं वजन चार-पाच ठिकाणी येऊन विरलेला थर तिथं फाटतो. मागं वरच्या कडेला चार इंची पट्टीची नळी शिवून त्यातून काठी घालावी.