सहा लिव्हरचं पितळी कुलूप, भाग ४: उघडलं! (पण फक्त लटकवल्यावर)

मंडळी, उघडलं. एकोणिसाव्या संध्याकाळी, रात्री पावणेअकराला. कडी सुटल्याचा तो 'खट्' ऐकून बायको आतून म्हणाली, "काय फोडलंस?"

मागच्या भागात मी रडत होतो ते आठवत असेल. मावशीच्या वाईच्या घरातलं, कोठीच्या दारावरचं कुलूप. किल्ली हरवलेली, कोयंडा कापून काढलेलं. रिवेट तोडायचे नाहीत, ड्रिल लावायचं नाही, काजळीवर खुणा वाचत नळीची किल्ली घडवायची, हा माझा हट्ट. लिव्हर म्हणजे कुलपातली पत्ती; किल्लीने सहाही पत्त्या नेमक्या उंचीला उचलल्या गेल्या तरच कुलूप उघडतं. पहिल्या चार पत्त्या आणि सहावी नीट बोलत होत्या. कोरी किल्ली मेणबत्तीवर काळी करायची, आत घालून दाबून फिरवायची, बाहेर काढून भिंगाखाली धरायची. जिथे पत्ती अडते तिथे काजळी पुसून केसाएवढी पिवळी रेघ. तिथे कानशीचे दोन हात. परत काळी. हे पाचांचं झालं. पाचवीची जागा मात्र कायम काळीकुट्ट.

मी समजलो, माझ्याकडून दाता जास्त खोल गेला, किल्ली पत्तीपर्यंत पोचतच नाही. म्हणून कथलाचा डाग देऊन भर घातली. तरी काळी. आणखी भर. तरी काळी. या नादात दोन कोऱ्या किल्ल्या वाया गेल्या. मग तिसरी, अजिबात न घासलेली, पूर्ण उंचीची आत घातली. पाचवी जागा तरीही काळी! म्हणजे दोष दात्यात नव्हताच.

दोन दिवस वाटत होतं की आत चब्बसारखा 'डिटेक्टर' असावा. जेरेमाया चब्बच्या १८१८ च्या कुलपात एखादी पत्ती प्रमाणाबाहेर उचलली गेली की ती वरच अडकते आणि खरी किल्लीसुद्धा चालत नाही. ती मोकळी करायला तेव्हा वेगळी खास किल्ली लागायची; १८२४ च्या सुधारणेनंतर खरीच किल्ली उलटी फिरवून ते काम व्हायला लागलं. मीही उलटी फिरवून पाहिली. काही नाही. कोठीच्या कुलपाला कोण कशाला डिटेक्टर बसवेल म्हणा!

उत्तर सापडलं कानाने. वैतागून कुलूप हातात उलटसुलट करत बसलो होतो, टीव्ही बंद होता. प्रत्येक वेळी उलटं केलं की आतून बारीकसं 'टिक'. पत्तीला स्प्रिंग असेल तर ती अशी खुळखुळत नाही. पाचवीची स्प्रिंग तुटलेली! आणि मी शहाणा, कुलपाच्या अंगावर व्हाइसचे दात उमटू नयेत म्हणून कडी व्हाइसमध्ये आणि अंग वर, असं उलटं धरून काम करत होतो. पाचवी पत्ती आपल्या वजनाने कडीकडे पडून राहायची. किल्लीला ती शिवणार कशी? प्रत्येक पत्तीला एक खाच असते, आणि सगळ्या खाचा एका रेषेत आल्या तरच कडी अडवणारी खुंटी त्यांतून सरकते. इथे पाचवीची खाच खुंटीच्या पुढे गेलेली, म्हणजे कुलूपही उघडणार नाही. लिव्हर कुलपाची सगळी गंमत यातच आहे. १७७८ मध्ये रॉबर्ट बॅरनने पेटंट घेतलं ते याच गोष्टीचं: पत्ती कमी उचलली तरी बंद, जास्त उचलली तरी बंद.

बाल्कनीच्या ग्रिलला कुलूप सरळ लटकवलं, किल्ली काळी केली, फिरवली. पाचव्या जागी रेघ! इतकी सुंदर पिवळी रेघ मी आजवर पाहिलेली नाही. कानशीचे सात-आठ हात, मधे तीनदा काजळी, आणि खट्.

एकोणीस संध्याकाळींची लाज वाटत होती, पण १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपवाल्याने चब्बचं कुलूप पंचवीस मिनिटांत उघडलं आणि ब्रामा या दुसऱ्या नामांकित इंग्लिश कुलूपवाल्याच्या कुलपाला त्यालाच सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले. मी स्वतःला दुसऱ्या रांगेत धरतो.

स्प्रिंग का तुटली ते माहीत नाही, पण आतला चिकटा कशाचा ते माहीत आहे. मावशी दर खंडेनवमीला कुलपात खोबरेल सोडायची. हात जोडून सांगतो, कुलपात खोबरेल नको. थंडीत थिजतं, जुनं झालं की गोंद होतं. पेन्सिलीच्या शिशाची पूड घाला. कानशींबद्दलही तेच: दहा नगांचा चकचकीत सुईकानशींचा डबा घेऊ नका, पितळावरच बोथट होतात. बोहरी आळीतून एकच चांगली चपटी घ्या.

जाता जाता एक: सरावाला कोपऱ्यावरच्या दुकानातून एकाच खोक्यातली तीन स्वस्त कुलपं आणली. पहिल्याच्या किल्लीने तिसरं उघडलं. सहा पत्त्या, प्रत्येकीच्या पाच उंच्या धरल्या तर कागदावर १५,६२५ किल्ल्या होतात. कारखान्यात किती पाडतात तो त्यांचा प्रश्न.

आणि दात्यांचा फोटो मागू नका, कुलूप परत दारावर जाणार आहे. २००८ मध्ये सॅन डिएगोच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी १९५ फुटांवरून काढलेल्या फोटोवरून किल्लीचे दाते वाचून दाखवले होते. आपल्या नाक्यावरचे किल्लीवाले काका तर नुसतं बघून अर्धं काम करतात.

आता पुढे. ठरवलं होतं की मागचे रिवेट काढून पाचवीला फॉस्फर ब्राँझच्या पट्टीची नवी स्प्रिंग घालायची. पण लिहिता लिहिता वाटायला लागलंय, राहू द्यावी का तशीच? लटकलेलं असेल तरच उघडणारं कुलूप! आत्ता उठून तिरपं धरून पाहिलं: साधारण चाळीस अंशांपर्यंत उघडतं, त्यापुढे हटून बसतं. नाही, पण चिकट्यात पत्ती मधेच अडकली तर मावशी कोठीबाहेर आणि मी फोनवर. रिवेट काढायचेच. फक्त आधी त्या तीनातल्या एकावर हात साफ करून घेतो. शनिवारी पितळी तार आणायला जाणार आहे. रिवेटला किती जाडीची घ्यावी, कुणी केलं असेल तर सांगा.