दिवे लागल्यावर बाटलीत काय घडलं

टिश्यूकल्चरच्या, म्हणजे बंद बाटल्यांत रोपं वाढवण्याच्या, लॅबमध्ये कुणी नवीन आलं की एक प्रश्न ठरलेला: रोपं एवढी हिरवीगार, वर ट्यूबलाइट सोळा तास चालू, मग मीडियात, म्हणजे रोपांच्या खाद्याच्या मिश्रणात, साखर कशाला? साखरही चिमूटभर नाही, लिटरला 30 ग्रॅम. मुराशिगे आणि स्कूग यांनी 1962 मध्ये तंबाखूच्या पेशींसाठी जे मिश्रण बसवलं, तेच थोड्याफार फरकाने आज जळगाव जिल्ह्यातल्या जी-नाईन जातीच्या केळीच्या बाटल्यांत असतं, आणि साखरेचं हे मापही तिथूनच चालत आलंय. यावर सगळीकडे एकच उत्तर मिळतं. बाटलीतलं पान अजून कच्चं असतं, त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही.

हे उत्तर मला कधीच पुरं वाटलं नाही. पान कच्चं आहे असं म्हणण्याआधी त्याला कच्चा माल मिळतोय का, हे बघायला हवं ना? जपानच्या चिबा विद्यापीठात तोयोकी कोझाई यांच्या गटाने 1980 च्या दशकात बंद बाटल्यांमधला कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड), म्हणजे पानाचा कच्चा माल, मोजला होता. आपल्या केळीच्या बाटलीत काय चाललंय ते डोळ्यांनी बघायचंच, म्हणून मी एका कॉलेजातून इन्फ्रारेड गॅस अॅनालायझर, म्हणजे हवेतला कर्बवायू मोजणारं मशीन, मागून आणला आणि काही बाटल्यांच्या झाकणांत रबरी बूच बसवून घेतलं. त्यातून सुई घालायची, थोडी हवा ओढायची आणि मशीनला द्यायची.

ग्रोथ रूमचे दिवे सकाळी सहाला लागतात. त्याआधीच आम्ही अंधारात पहिले नमुने घेतले. आकडा हजारांत गेला. बाहेरच्या हवेत कर्बवायू असतो 420 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 420 भाग) आसपास, इथे त्याच्या कितीतरी पट. हे अपेक्षितच होतं: रोपांनी रात्रभर साखर जाळून श्वसन केलं होतं आणि झाकण घट्ट असल्यामुळे वायू आतच साठला होता.

मग दिवे लागले. पुढच्या नमुन्यात आकडा निम्म्याहून खाली आला होता. त्यापुढच्यात आणखी खाली. दोन तास होत आले तेव्हा मशीनने शंभराच्याही खालचा आकडा दाखवला. सबकल्चरच्या, म्हणजे रोपं नव्या मीडियात हलवण्याच्या कामाच्या, सुपरवायझर ताई शेजारी वही घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, मशीन बिघडलं का हो?" मलाही क्षणभर तसंच वाटलं. आम्ही खोलीतली हवा मोजली, मशीन ठीक होतं. दुसरी बाटली, तिसरी बाटली, सगळीकडे तेच.

म्हणजे ही कच्ची म्हणवली जाणारी पानं रात्रीचा सगळा साठा दोन तासांत फस्त करून बसली होती, आणि उरलेले चौदा तास उजेड असूनही त्यांच्या हाती काहीच नव्हतं! केळीसारख्या झाडाचा हिशेब 50 पीपीएमच्या आसपास शून्यावर येतो. कर्बवायू तिथवर उतरला की रुबिस्को हे कर्बवायू पकडणारं एन्झाइम वारंवार ऑक्सिजनलाच धरतं, आणि आधी बांधलेल्या कार्बनमधलाही काही पुन्हा सुटून जातो. जेवढा आत येतो तेवढाच बाहेर. वाढ होणार ती फक्त साखरेवर. त्यात पेशीत साखर तुडुंब असली की प्रकाशसंश्लेषणाची जनुकं आणखी मंदावतात. आपण रोपाला कोंडतो, कोंडलं म्हणून साखर देतो, आणि साखर दिली म्हणून ते पान आळशी ठरवतो. हा अन्याय आहे, असं मला त्या सकाळी मनापासून वाटलं.

सुट्या पेशींचीही गोष्ट वेगळी नाही. जर्मनीत 1970 च्या दशकात चाकवताच्या जातकुळीतल्या एका वनस्पतीच्या पेशी, आणि पुढे अमेरिकेत सोयाबीनच्या पेशी, द्रवात साखरेचा कणही न घालता वाढवल्या गेल्या. उजेड दिला आणि हवेत कर्बवायू भरपूर राखला, एवढ्यावर त्या जगल्या आणि विभागत राहिल्या.

मुळं फुटायच्या टप्प्यावरच्या काही बाटल्यांना आम्ही हवा खेळू देणारी, जंतू अडवणारी फिल्टरची झाकणं लावली, उजेड वाढवला आणि साखर पूर्ण बंद केली. ताईंचा जीव खालीवर होत होता. "उपाशी मारताय बिचाऱ्यांना," म्हणाल्या. रोपं मेली नाहीत. पानं रुंद आणि जाडसर झाली, आणि हार्डनिंगच्या, म्हणजे बाहेरच्या हवेची सवय लावायच्या, ट्रेमध्ये कोकोपीटवर (नारळाच्या भुशावर) गेल्यावर साखरेच्या रोपांइतकी माना टाकेनात. यात हवेचा वाटा दुहेरी आहे. बंद बाटलीत आर्द्रता शंभर टक्क्यांजवळ असते, तिथे पानाची रंध्रं मिटायला शिकतच नाहीत आणि वरचा मेणाचा थरही पातळ राहतो. शिवाय साखर नसेल तर चुकून शिरलेली बुरशी बाटलीभर माजत नाही.

सगळ्या टप्प्यांवर हे चालणार नाही, हेही सांगायला हवं. कंदातून काढलेल्या इवल्या कोंबाला पानच नसतं, आणि मल्टिप्लिकेशनच्या, म्हणजे एका कोंबाचे अनेक करायच्या टप्प्यातल्या, झुबक्यांतही पान नावापुरतंच. त्यांना साखर हवीच. फिल्टरची झाकणं महाग पडतात, उजेड वाढवला की विजेचं बिल आणि एसीचा भार वाढतो. म्हणून सध्या फक्त शेवटच्या टप्प्याच्या काही रॅकवर ही झाकणं आहेत, आणि या उन्हाळ्यात हार्डनिंगची मर किती घटते ते बघून मालक पुढचं ठरवणार आहेत. रॅकच्या नोंदी ताईच ठेवतात.