माझा अनुभव: गिअरबॉक्स नाही, बेलहाउसिंग अडलं

जनरल मोटर्सचं एलएस व्ही8 इंजिन छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये बसवलं की मूळ गिअरबॉक्स त्याचा टॉर्क फार दिवस झेलत नाही. म्हणून सहा गिअरचा ट्रेमेक टी-56 मॅग्नम घेतला. टनेल (गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा उंचवटा) कापणं, क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सखालचा आडवा आधार) बनवणं यात मेहनत आहे, पण वेल्डिंग येणाऱ्याला ते अवघड नाही. काम अडलं ते बेलहाउसिंगपाशी, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या, क्लच झाकणाऱ्या घंटेसारख्या भागापाशी.

बेलहाउसिंगसोबतच्या कागदावर एकच ओळ होती: रनआउट (क्रँक फिरवताना भोकाच्या भिंतीचं माप किती बदलतं ते) तपासा. कसं तपासायचं, किती चालतं, काहीच नाही. याचा राग अजून जात नाही, कारण सगळ्यात महागडी चूक इथेच होते. बेलहाउसिंग ब्लॉकवरच्या दोन डॉवेल पिनांवर (जागा नेमकी धरणाऱ्या खुंट्यांवर) बसतं. मशिनिंगमध्ये जरा फरक पडला की त्याच्या मधल्या भोकाचा मध्य क्रँकच्या (इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) मध्यापासून सरकतो. मग पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक क्रँकमध्ये धरणारं) झिजतं, क्लच प्लेटचा हब तडकतो, पेडल पूर्ण दाबूनही पहिला गिअर पडत नाही. आणि दोष लागतो गिअरबॉक्सला.

क्लच लावण्याआधी बेलहाउसिंग बसवा आणि बोल्ट पूर्ण 50 न्यूटन-मीटरला आवळा; सैल बोल्टांवर घेतलेलं माप फुकट जातं. टेकणाऱ्या कडांवरचा रंग आधी खरवडून काढा. डायल गेजचा (काट्यावर बारीक फरक दाखवणाऱ्या मापकाचा) मॅग्नेट फ्लायव्हीलवर (ॲल्युमिनियमचं असेल तर चिकटणार नाही, गेज क्रँकला बोल्टने धरावा लागतो) आणि टोक भोकाच्या आतल्या भिंतीवर. स्पार्क प्लग काढून ठेवा, नाहीतर कॉम्प्रेशनमुळे क्रँक हिसके देत फिरतो आणि काटा थरथरतो. आता क्रँक हाताने सावकाश पूर्ण एक फेरा फिरवा. एकूण फरक 0.005 इंच, म्हणजे 0.127 मिमीच्या आत हवा. माझ्याकडे काटा 0.38 मिमी फिरत होता.

इथे हिशोब चुकतो. काट्याचा एकूण फरक हा मध्य सरकल्याच्या दुप्पट असतो. म्हणजे 0.38 ला दुरुस्ती 0.19 मिमीची. ऑफसेट पिना (मध्य मुद्दाम सरकवलेल्या डॉवेल पिना) 0.007, 0.014 आणि 0.021 इंचांच्या मिळतात, 0.007 म्हणजे 0.178 मिमी, तीच घ्यायची. जिथे गेजचं टोक सर्वांत जास्त आत दाबलं जातं, त्या बाजूला बेलहाउसिंग सरकायला हवं. दोन्ही पिनांचा ऑफसेट एकाच दिशेला, नाहीतर बेलहाउसिंग बसतच नाही. जुन्या पिना पकडीने गोल फिरवत ओढाव्या लागल्या. दुसऱ्या मापात 0.06 आलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. गिअरबॉक्स टेकतो तो सपाट पृष्ठभागही असाच तपासा, फक्त क्रँक एकाच दिशेला दाबून धरा, नाहीतर त्याची पुढे-मागे होणारी हालचाल मापात मिसळते.

हे आधी सांगायला हवं होतं: फ्लायव्हीलचे बोल्ट तीन टप्प्यांत, 20, 50 आणि 100 न्यूटन-मीटर, प्रेशर प्लेटचे (ती क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरते) 70. एलएसच्या क्रँकमध्ये पायलट बेअरिंगच्या दोन जागा असतात, आतली छोटी आणि बाहेरची मोठी. इनपुट शाफ्टचं टोक कुठवर पोचतं ते मोजून ठरवा. हायड्रॉलिक रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) आणि प्रेशर प्लेटच्या बोटांमध्ये सुरुवातीला अंतर ठेवावंच लागतं, कारण प्लेट झिजते तशी बोटं बेअरिंगकडे सरकतात. अंतर संपलं की क्लच घसरतो. नेमका आकडा बेअरिंगच्या कंपनीचा घ्या, शिम (पातळ चकत्या) लावून जुळवा.

गिअरबॉक्स साठ किलोच्या आसपास आहे, जॅकशिवाय हात लावू नका. शेवटचं बोटभर अंतर उरलं म्हणून बोल्ट आवळून तो आत ओढायचा मोह होतो. तसं केलं तर क्लच प्लेटचा हब वाकतो. अडला तर बाहेर काढून प्लेट पुन्हा मध्यावर आणा.

तेल डेक्स्रॉन 3 एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल), साधारण 3.8 लिटर. आणि रिव्हर्स लॉकआउटच्या (चुकून रिव्हर्स पडू न देणाऱ्या अडसराच्या) सोलेनॉइडची वायर टनेल बंद करण्याआधी जोडा. करंट मिळाला नाही तर रिव्हर्स टाकायला हात दुखेपर्यंत जोर लावावा लागतो.